मिटल्या तोंडाचा वकील

फॉकलंड बेटं, विमानतळाची छावणी
५ फेब्रुवारी १९८४

कीस्टकाका,

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर पिठाचा अंगठा उमटला होता, त्यामुळे उघडायच्या आधीच कळलं कुणाचं ते.

बेकरी विकताय ही ओळ मी दोनदा वाचली. पण पीठ छातीत बसलंय असं डॉक्टर म्हणतो, तर थांबायलाच हवं. नव्या मालकाला वरच्या खोल्या सप्टेंबरअखेर रिकाम्या हव्यात, यात तुमचा काय दोष? तुम्ही मला कळवलंत, उपकार झाले. कारण टॅम्सिनमावशीने यातला चकार शब्द लिहिला नाही. तिच्या पत्रात काय, तर चॅपलच्या गायनमंडळात कोण बेसूर गातं आणि तुमच्या मांजरीला किती पिल्लं झाली. डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि बाई मांजरीचं बाळंतपण लिहितायत!

मी शेंबडा पोर होतो तेव्हापासून त्याच खोल्यांत तिने मला वाढवलं, आपलं आडनावसुद्धा दिलं. आता मी तिच्यासाठी घर घेतो म्हटलं, तर ती पुढच्या जहाजाने इथे येऊन माझे कान उपटेल. तुमच्या उरलेल्या शिळ्या बनचेसुद्धा पैसे गल्ल्यात टाकणारी बाई ती. म्हणून मी थाप मारतोय. माझं लग्न ठरलंय आणि घर बायकोसाठी घेतोय, असं तिला लिहितो. तुम्ही फक्त गप्प बसा. तुम्हाला ते जमत नाही हे मला माहीत आहे, तरी बसा.

तुमचा,
जोरी अँगविन

*

त्याच दिवशी

प्रिय मावशी,

बसलीस का? बस आधी. माझं लग्न ठरतंय. तिचं नाव मेरिएल. बाकी सगळं भेटीअंती.

तर घर हवं. हॉस्किंगबाई गेल्यापासून चॅपलच्या पायऱ्यांजवळचं त्यांचं निळ्या दाराचं घर रिकामं आहे ना, ते मी मागितलंय. त्यांचा पुतण्या कॅनडात असतो, दलालामार्फत तो हो म्हणाला. पण आपल्याकडच्या ‘हो’ला काही किंमत आहे का? दोन्हीकडच्या वकिलांनी सह्या झालेले करार एकमेकांना देईपर्यंत आज हो, उद्या नाही. शिवाय लंडनचं एक जोडपं सुट्टीत राहायला म्हणून तेच घर बघून गेलंय. वर्षातून पंधरा दिवस येणार आणि उरलेलं वर्ष भिंतीवरच्या कोळ्यांना जाळी विणायला देणार!

म्हणून मला ताबडतोब वकील हवा. आमचा मुकादम म्हणतो, प्लिमथला एक कंपनी आहे, झटपट काम करते. तू फोन करून बघ. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, माझी शाळा तर तुला माहीतच आहे. मास्तर वर्गात यायचे तेव्हा मी धक्क्यावर असायचो. माणूस तू निवड. अट एकच, काम पटकन व्हायला हवं.

तुझा जोरी

*

ट्रेगॅनिक, कॉर्नवॉल
३ मार्च १९८४

जोऱ्या,

लग्न! त्या बेटावर दोन हजार पुरुष आणि बाकी सगळे पेंग्विन, असं तूच लिहिलं होतंस. तेव्हा मेरिएल पेंग्विन नसावी, एवढीच माझी देवाकडे प्रार्थना. असली तरी हरकत नाही म्हणा. मासे आपल्याकडे ताजे मिळतात.

तुझ्या प्लिमथवाल्यांना धक्क्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून फोन केला. एक पोरगा बोलला. गोड आवाज, जसा काही मला गालिचा विकतोय. मी विचारलं, “घराखाली कथलाच्या जुन्या खाणीचं विवर आहे का, याचा शोध तुम्ही घेता ना?” तर म्हणतो, “विवर? कसलं विवर, मॅडम?” मी म्हटलं, “बाळा, आमच्या पेन्रोजच्या परसातलं खुराडं एका सकाळी कोंबड्यांसकट जमिनीत गेलं, ते विवर.” तो हसायला लागला. मी फोन ठेवला. ज्याला जमिनीच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही, त्याने जमिनीवरच्या घराची खरेदीखतं करू नयेत.

राहिले गावातले दोघे. ट्रेम्बाथ आणि नॅन्किव्हल. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं. एकाला खोकला आला की दुसरा “देव बरं करो” म्हणतो, पण कामाचा कागद असला की तो टपालाने पाठवतात, तिकीट लावून. तो टपालात जातो, दुसऱ्या दिवशी त्याच जिन्याने वर येतो.

ट्रेम्बाथने मला चहा दिला, आल्याची बिस्किटं दिली, आणि तासाभरात डॉक्टरीणबाईंच्या घटस्फोटाची इत्थंभूत हकिकत दिली. फार बरं वाटलं. नॅन्किव्हलकडची खुर्ची चॅपलच्या बाकापेक्षा कडक. त्याने मला बसा म्हटलं आणि नंतर मी उठेपर्यंत फक्त “असं” म्हणाला. तेही दोनदाच.

घाई करू नकोस. मी दोघांचीही परीक्षा घेणार आहे.

तुझी मावशी, टॅम्सिन

ता.क. कीस्ट हल्ली माझ्याकडे बघून उगाच हसतो. पिठामुळे डोक्यावर परिणाम होतो का रे?

*

३० मार्च

मावशी,

वकील निवडतेयस की जत्रेत घोडा? दात मोज, शेपूट ओढ, खूर उचलून बघ! आणि तोवर लंडनवाले निळ्या दारावर पितळी नांगर ठोकून मोकळे होतील.

मला चहा-बिस्किटं देणारा नको की कडक खुर्ची देणारा नको. पळणारा हवा. परीक्षा कसली घेतेस? तू कायदा शिकलीस कधी?

इथे वारा असा की सूपमधलं सूप उडून जातं, वाटी तेवढी हातात राहते. आम्ही दगड फोडतो, धावपट्टी लांबवतो. काम संपलं की आपल्या गावचा डेन्झिल इथून ऑस्ट्रेलियात नळाच्या कामावर जाणार. मलाही चल म्हणतो. मीही हो म्हणालोय. म्हणजे, आधी म्हणालो होतो. मेरिएलच्या आधी.

जोरी

*

२४ एप्रिल

जोऱ्या,

परीक्षा झाली. निकाल लागला.

ट्रेम्बाथला मी अगदी खाजगीत सांगितलं, “कुणाला बोलू नका, पण मी कॅनडात जाऊन एका दातांच्या डॉक्टरशी लग्न करतेय.” त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली. मी जिना उतरून मासळीवालीकडे थांबले, तर ती म्हणते, “टॅम्सिन, तुझी खालची दाढ तोच काढेल का गं आता? फुकटात?” मी तिथून चॅपलला गेले, तर पेटीवाल्या बाईंनी मला मिठी मारली. घरी आले, तर कीस्ट पिठाच्या हातांनीच धावत आला. “खरंच जातेस का? तिथे घर मोठं आहे का?” आणि एवढा आनंद त्याच्या तोंडावर! मला रागच आला. इतकी वर्षं वर राहतेय मी, आणि जाणार म्हटल्यावर माणूस नाचतो?

नॅन्किव्हलला मी सांगितलं, “चॅपल रिकामं असताना मी तिथल्या ऑर्गनवर गुत्त्यातली गाणी वाजवते. त्यावरून मला काढलं तर काय करावं?” तो म्हणाला, “असं.” त्याची बायको गायनमंडळात माझ्या शेजारी उभी राहते. मी तिच्याकडे तेव्हापासून रोखून बघतेय. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. उलट परवा तिनेच मला विचारलं, “मी काही चुकीचं गातेय का?”

तेव्हा नॅन्किव्हल. घर घेताना माणसाचं सगळंच वकिलापुढे उघडं पडतं, जोऱ्या. किती साठवलं, किती उसनं काढलं, कोण कोणाबरोबर राहणार. ते त्याच्या पोटात राहायला हवं. आणि तो सावकाश चालतो असंही नाही. खाणीचा शोध मागवायला त्याने त्याच दिवशी पत्र टाकलं. मी बघितलं, टपालपेटीपर्यंत मागे गेले होते.

आता तू त्याला लिही. मेरिएलला केशरी बन आवडतात का ते मला कळव.

मावशी

*

२० मे

माननीय नॅन्किव्हल वकीलसाहेब,

माझं अक्षर कोंबडीने पाय झाडल्यासारखं आहे, माफ करा.

तुमची फी, तुमची अट, सगळं कबूल. सोसायटीचं कर्ज मिळेल, त्यांचं पत्र सोबत जोडलंय. पण एक गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. मेरिएल नावाची कुणी मुलगी नाही. घर माझ्या मावशीसाठी आहे. तिला कीस्टकाकांकडच्या खोल्या सोडाव्या लागणार आहेत, आणि ती ते मला सांगत नाही. मी घेतलेल्या घरात ती आयती येणार नाही. म्हणून चावी हातात आली की मग सांगू, तेव्हा तिला माघार घेता येणार नाही, असा माझा बेत आहे.

ती तुम्हाला खोदून खोदून विचारेल. विरघळू नका. तिचा आग्रह माहीत असलेली माणसं विरघळतात.

जोरी अँगविन

*

१० जून

जोऱ्या,

माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

तुझा वकील मला काही सांगत नाही! मी शोधून काढलेला, मी पारखलेला, मी त्या कडक खुर्चीत बसून आणलेला. मंगळवारी विचारलं, “खाणीचं काय झालं?” म्हणतो, “मिस अँगविन, माझे अशील तुमचे भाचे आहेत.” मी म्हटलं, “त्या अशिलाची लंगोटी मी धुतलीय.” तर म्हणतो, “असं.” शुक्रवारी मांस-बटाटा भरून भाजलेली पेस्टी घेऊन गेले, अजून वाफ येत होती. ती त्याने घेतली, आभार मानले, आणि म्हणाला, “हवा चांगली पडलीय.” त्या वेळी बाहेर धो धो पाऊस होता.

ट्रेम्बाथला घेतलं असतं तर एव्हाना मला तुझ्या उशीचा रंगसुद्धा कळला असता.

मेरिएलबद्दल तू आजवरच्या पत्रांत मिळून जेमतेम एक ओळ लिहिलीस. डेन्झिलच्या आईला डेन्झिल सगळं लिहितो, पण त्यात मेरिएल नाही. मी काही विचारत नाही. मला आपलं एक वाटतं, ते सांगते. माणसाला परत यावंसं वाटत असेल आणि तसं म्हणायची लाज वाटत असेल, तर तो एखादी बायको पुढे करतो. लाजायचं काही कारण नाही.

मी मजेत आहे. खोल्या मजेत आहेत. मांजरही मजेत.

मावशी

*

नॅन्किव्हल, वकील
ट्रेगॅनिक, १८ जून १९८४

श्री. अँगविन यांस,

शोध पूर्ण झाले. घराखाली विवर नाही. शेजारच्या बागेखाली आहे, त्याची नोंद घेतली. हक्काचे कागद स्वच्छ आहेत. विक्रेत्याच्या वकिलांचा मसुदा मान्य करण्यासारखा आहे. लंडनच्या मंडळींनी जास्त रकमेची तयारी दाखवली आहे, तेव्हा विलंब नको.

दोन अडचणी आहेत.

पहिली. आपल्याखेरीज जी सज्ञान व्यक्ती त्या घरात राहील, तिने कर्ज देणाऱ्या सोसायटीचा हक्क आपल्या हक्काच्या आधी राहील, असे कबूल करून सही करावी लागते. त्याविना कर्ज मिळणार नाही. म्हणजे चावी मिळण्याआधीच आपल्या मावशींना हे कळणे भाग आहे. शिवाय त्या सहीचा अर्थ त्यांना स्वतंत्र वकिलाने समजावून सांगायला हवा. मी आपला वकील असल्याने तो मी असू शकत नाही. या गावात, आणि हे मी खेदाने लिहितो, तो श्री. ट्रेम्बाथ.

दुसरी. हे कर्ज स्वतः त्या घरात राहणाऱ्यालाच मिळते. मावशी कुठे राहणार हे आपण लिहिले. आपण कुठे राहणार हे लिहिलेले नाही. माझ्याकडून खोटे लिहिले जाणार नाही.

पेस्टी उत्तम होती. हे त्यांना सांगितलेले नाही.

आपला,
एच. नॅन्किव्हल

*

१४ जुलै

वकीलसाहेब,

तुमचं पत्र खिशात घेऊन आठवडाभर दगड फोडले. मोठा दगड असला की माणूस त्याच्याभोवती आधी फिरतो, कुठून फुटेल ते बघत. तसा या तुमच्या दुसऱ्या अडचणीभोवती फिरत होतो.

मी एका जागी टिकलोय असं कधी झालं नाही. मासेमारीची बोट झाली, स्कॉटलंडात धरण झालं, हे झालं. मला वाटायचं, पैसे पाठवले की झालं, घर तिकडे आणि मी इकडे. डेन्झिलला आज सांगितलं, ऑस्ट्रेलियात मी नाही येत. त्याने टोपी फेकली, वाऱ्याने ती पार समुद्रात नेली. आता नवी टोपी मलाच द्यावी लागणार.

लिहा. मी राहणार. खरंच राहणार. धक्क्यावरच्या बोटींच्या कारखान्यात पूर्वी मला ठेवत होते, आताही ठेवतील.

आणि ट्रेम्बाथ तर ट्रेम्बाथ. पण मावशी सही करणार नाही, लिहून ठेवा. ती मीठसुद्धा उसनं घेत नाही.

जोरी

*

२ सप्टेंबर

लबाडा,

काल नॅन्किव्हलने मला बोलावलं. पहिल्यांदाच त्याने खुर्चीवर उशी ठेवली होती, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट आहे. म्हणाला, “त्या घरात राहणाऱ्या सज्ञान व्यक्तीला स्वतंत्र वकील लागेल.” मी म्हटलं, “मेरिएल आली की मी घेऊन जाईन तिला.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मिस अँगविन, ती व्यक्ती माझ्यासमोर बसली आहे.”

मग मीच म्हटलं, “असं.”

मग उठून समोरच्या दारात गेले. दुसरा वकील शोधायला वावच नव्हता. ज्याला मी नापास केलं, त्याच्याचसमोर मला अशील म्हणून बसावं लागलं. आल्याची बिस्किटं पुन्हा आली. ट्रेम्बाथने कागद मोठ्यांदा वाचला, दार उघडं ठेवून. मी म्हटलं, “मी सही करत नाही. भाच्याच्या जिवावर मी राहणार नाही. चुलतबहिणीच्या शेतावर एक फिरतं घर पडून आहे, तिथे जाईन.” हो, तसं ठरवलं होतं मी. तुला कळवणार नव्हते. तू धावत येशील म्हणून, आणि धावत आलेला माणूस धावतच निघून जातो.

“बरं, निदान मी भाडं देईन,” मी म्हटलं. “दर शनिवारी, हातात.” तर ट्रेम्बाथ खूश होऊन म्हणतो, “ते तर मुळीच चालणार नाही! भाडं दिलंत की तुम्ही भाडेकरू, आणि भाडेकरू ठेवायला सोसायटीची मनाई आहे.” म्हणजे बघ, फुकट राहा असा कायद्याचाच हुकूम! माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं लाचार केलं नव्हतं.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. तेव्हा तो म्हणाला, “जा, बाई. सही नाही तर कर्ज नाही. कर्ज नाही तर घर लंडनला. आणि पोरगा ऑस्ट्रेलियाला.” मी विचारलं, “ऑस्ट्रेलियाचं तुम्हाला कुणी सांगितलं?” म्हणतो, “डेन्झिलच्या आईने मासळीवालीला सांगितलं, तिने मला.” मग त्याने कागद फिरवून माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. घरात राहणार, पहिलं नाव तुझं. त्याच्या खाली माझं.

तुझं नाव एका पत्त्यावर, माझ्या नावाच्या वर. हे मी शेवटचं पाहिलं होतं ते तुझ्या शाळेच्या दाखल्यावर, आणि तिथे तू कधी गेलाच नाहीस.

मी बसले. त्याची शाई सांडवली, पण सही केली. माझ्यासाठी नाही, समजलास? तुला अडकवण्यासाठी. तू मला घरात बसवायला निघालास ना? आता बस तूच.

जिना उतरले, तर खाली मासळीवाली, पेटीवाल्या बाई, पेन्रोज, सगळे उभे. कीस्ट रडत होता. त्याने मला केशरी बन दिला. मी पैसे काढले, तर सगळे एकदम ओरडले.

पंधरा दिवसांत चावी मिळेल. भाडं नाही तर नाही, पण बन मी भाजणार आणि तू खाणार, नको म्हणायचं नाही. मागची खोली तुझी. तिथून बोटी दिसतात, तेव्हा पळावंसं वाटेल. वाटू दे.

मावशी

ता.क. मेरिएलला माझा नमस्कार सांग. बिचारी फार शहाणी मुलगी होती, एकदाही मध्ये बोलली नाही.

*

२८ सप्टेंबर

मावशी,

तू सही केलीस हे मला तुझ्या पत्राच्या आधी डेन्झिलकडून कळलं. त्याला त्याच्या आईकडून. तिला कुणाकडून, ते विचारत नाही.

इथून केप टाउनपर्यंत जहाज, तिथून विमान. नोव्हेंबरात पोचेन, नक्की दिवस सांगता येत नाही, इथे सगळं वाऱ्यावर आहे. तू चॅपलला गेलेली असलीस तर दारात बसून राहणार नाही मी. चावी कुठे ठेवतेस ते लिही. आणि हे बघ, पत्रात उघड लिहू नकोस, काहीतरी खुणेने लिही. चोरांचं काही सांगता येत नाही.

तुझा जोरी

*

निळं दार, चॅपलच्या पायऱ्या, ट्रेगॅनिक
१६ ऑक्टोबर १९८४

जोऱ्या,

चावी कुठे ठेवते ते खुणेनेसुद्धा लिहीत नाही. ट्रेम्बाथला सांगितलंय, अगदी खाजगीत. गावात उतरलास की दिसेल त्याला विचार.

मावशी